जिथे तुम्ही विकतच नाही, तिथे कुलूप कशाला? कन्सोल कंपन्यांना खुलं पत्र

प्रति,
गेमिंग कन्सोल बनवणाऱ्या आणि त्यांचे गेम छापणाऱ्या सगळ्या कंपन्या,
क्योटो, टोकियो, सॅन मटेओ, रेडमंड वगैरे

स.न.वि.वि.

पत्र मराठीत आहे म्हणून बाजूला सारू नका. तुमच्याकडे भाषांतर करणारी माणसं भरपूर असतात हे मला चांगलं माहितीये, कारण मी स्वतः तेच काम करते. राहते पुण्यात, हिंजवडीतल्या कंपन्यांची कागदपत्रं जपानीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून जपानीत करून देते, आणि भाषा गंजू नये म्हणून जपानी गेम खेळते. (खरं सांगायचं तर गेम वाचता यावेत म्हणूनच जपानी शिकायला गेले, पोटापाण्याचं नंतर जमलं.) आणि मी एकटीच नाहीये, रानडे इन्स्टिट्यूट, टिळक महाराष्ट्र विद्यापीठ, शिवाय गल्लोगल्ली खासगी क्लास, पुण्यात जपानी शिकणारी पोरं ढिगाने आहेत, जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेचं सेंटर इथे आहे, आणि त्यातली निम्मी तरी ॲनिमे आणि गेमच्या नादानेच वर्गात येऊन बसलेली असतात हे कुठल्याही सेन्सेईंना, म्हणजे जपानीच्या शिक्षकांना, विचारा.

तर आम्हाला राग कशाचा आलाय ते सांगते. राग आहे रीजन लॉकचा, म्हणजे जगाचे भाग (रीजन) पाडून एका भागाचा गेम दुसऱ्या भागाच्या मशीनवर चालू न देणाऱ्या कुलपाचा.

२०१७ च्या मार्चमध्ये निन्टेन्डोचं स्विच आलं आणि त्यावर कुठल्याही देशाची कॅसेट चालायला लागली तेव्हा आम्ही बाहेरून गेम मागवणारी मंडळी म्हणालो, सुटलो एकदाचे. सोनीच्या प्लेस्टेशन ३ पासून गेमच्या डिस्कवरचा लॉक जवळजवळ गेलाच होता, मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स वनवाल्यांनी जून २०१३ मध्ये लॉक असणार म्हणून जाहीर केलं होतं पण जगभर इतकी बोंब झाली की त्याच महिन्याच्या १९ तारखेला मुकाट्याने मागे घेतलं, आणि आता निन्टेन्डोनेही सोडलं म्हणजे विषय संपला. कसला संपतोय. ५ जून २०२५ ला स्विच २ आलं आणि जपानमध्ये त्याची दोन मॉडेलं निघाली, एक ४९,९८० येनचं, त्यात भाषा फक्त जपानी आणि अकाउंटही जपान देश लावलेलंच चालणार, आणि दुसरं सगळ्या भाषांचं, ६९,९८० येनला. त्याच वर्षी नोव्हेंबरात सोनीनेही फक्त जपानी भाषेतला पीएस५ (प्लेस्टेशन ५) डिजिटल काढला, ५५,००० येनचा. कुलूप परत आलंय, फरक एवढाच की आधी ते कॅसेटच्या खाचेत असायचं आणि आता अकाउंटमध्ये आहे.

येन घसरलाय, बाहेरचे लोक जपानमधून मशीन उचलून नेतात, तिथल्या पोरांना परवडेल असं काहीतरी करायला हवं होतं, हे सगळं मला समजतं आणि त्या वीस हजार येनच्या सवलतीवर माझा डोळाही नाहीये. माझं म्हणणं वेगळं आहे, आणि ते तुम्ही गेली चाळीस वर्षं ऐकत नाही आहात: ज्या देशात तुम्ही दुकानच टाकलं नाही तिथल्या गिऱ्हाइकाला बाहेरून आणायला तरी अडवू नका.

थोडं मागे जाऊ. १९८३ चा निन्टेन्डोचा जपानी फॅमिकॉम, त्याला कुलूपच नव्हतं. १९८५ ला अमेरिकेसाठी त्याचा एनईएस केलात तेव्हा ६० पिनांची कॅसेट ७२ पिनांची झाली आणि मशीनमध्ये एक चिप, कॅसेटमध्ये तिची जोडीदार, दोघींचं बोलणं जुळलं नाही तर मशीन सारखं रिसेट होत बसणार आणि स्क्रीन लुकलुकत राहणार. युरोपात त्या चिपचेही दोन प्रकार, म्हणजे इंग्लंडची कॅसेट जर्मनीतल्या मशीनवर चालत नाही इथपर्यंत तुमची मजल गेली. आपल्याकडे नव्वदच्या दशकात लिटल मास्टर, मीडिया असले जे टीव्ही गेम होते ते त्याच बिनकुलपाच्या फॅमिकॉमच्या नकला, कॅसेटही ६० पिनांच्या, जपानी आकाराच्या. म्हणजे आमच्या पिढीतल्या बहुतेकांनी तुमचे गेम खेळले पण तुमच्याकडून घेतलेच नाहीत, कारण घ्यायला तुम्ही दिसत होतात कुठे? दिवाळीच्या सुट्टीत सगळा वाडा एका टीव्हीसमोर आणि तुमच्या वहीत भारत नावाचं गिऱ्हाईक जवळजवळ नाहीच.

सुपर निन्टेन्डोच्या वेळी तर कहरच, जपानी आणि अमेरिकन मशीनची चिप एकमेकांना चालत होती, अडत होतं ते फक्त अमेरिकन मशीनच्या खाचेतल्या दोन प्लास्टिकच्या दातांवर, लोकांनी पकड घेतली, दात मोडले आणि खेळायला बसले.

पण खरा घोळ पहिल्या प्लेस्टेशनने घातला आणि यावर मला जरा जास्तच बोलायचंय. त्या काळ्या सीडीच्या सुरुवातीच्या भागात जो ट्रॅक असतो त्याच्या सूक्ष्म हेलकाव्यात चार अक्षरं लिहिलेली असायची, जपानला वेगळी, अमेरिकेला वेगळी, युरोपला वेगळी. मशीन ती अक्षरं वाचून ठरवणार सीडी आपल्या रीजनची आहे की नाही. आणि घरी कॉपी केलेल्या सीडीत ती अक्षरं उतरतच नाहीत, म्हणून कॉपी ओळखायची युक्तीही तीच. एका कुलपात दोन कामं. झालं काय, की खरी जपानी सीडी पदरचे पैसे मोजून आणलेल्या माणसाला आणि रस्त्यावर पन्नास रुपयांची कॉपी घेणाऱ्याला एकाच दुकानात, एकाच कारागिराकडे, कुलूप चुकवणारी एकच चिप मारून घ्यायला जावं लागलं. मुंबईत लॅमिंग्टन रोडला त्या काळी मशीन घ्यायला गेलं की दुकानदार आधी विचारायचा, चिप मारून देऊ का, आणि एकदा चिप मारली की मग खरी सीडी कोण घेतो? तुम्ही भारताला पायरसीचा देश म्हणता ना, त्यात तुमच्या या डोकेबाज डिझाइनचा वाटा किती ते एकदा बसून मोजा. ऑस्ट्रेलियात याच चिपवरून सोनीने केस केली होती, २००५ ला तिथल्या हायकोर्टाने, जे त्यांचं सर्वोच्च कोर्ट आहे, चिप विकणाऱ्याच्या बाजूने निकाल दिला, आणि खटल्याच्या आधीच्या टप्प्यात तिथला सरकारी ग्राहक आयोगही रीजन कोडिंगच्या विरोधात उभा राहिला होता. आमच्याकडे कोणी उभं राहिलं नाही, आम्ही आपले चिप मारून मोकळे.

आता तक्रारी क्रमाने लिहिते.

पहिली. जी आवृत्ती आमच्यावर लादलीत ती बऱ्याचदा कमी दर्जाची होती. आपला टीव्ही पाल पद्धतीचा, ५० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ५० वेळा चित्र बदलणारा, जपान अमेरिकेचा ६० हर्ट्झ. कितीतरी गेम पालसाठी नीट न बदलता तसेच काढले गेले, मग ते सहात पाच अशा वेगाने चालायचे, म्हणजे जवळपास १७ टक्के हळू, संगीतही रेंगाळतंय, वर खाली काळ्या पट्ट्या. आणि चांगली आवृत्ती आणायची म्हटली तर लॉक. हे जुनं झालं, एचडी टीव्हीने प्रश्न मिटवला, तुम्ही नाही.

दुसरी. आमच्या वतीने तुम्हीच ठरवता की आम्ही काय खेळावं. २००८ ला मायक्रोसॉफ्टने फॉलआउट ३ एक्सबॉक्स ३६० वर भारतात आणणार नाही असं सांगितलं, कारण म्हणे सांस्कृतिक संवेदनशीलता. सरकारने बंदी घातली नव्हती, कोणी मोर्चा काढला नव्हता. बरं, नका आणू, तुमचा माल आहे. पण मग बाहेरची डिस्क चालू द्यायची की नाही हे ३६० वर प्रत्येक प्रकाशक गेमगणिक ठरवणार, म्हणजे दुकानात उभं राहून नेटवर शोधायचं की हा गेम लॉक आहे का तो आहे. पीएस३ चं तर मशीन उघडं होतं तरी २०१२ मध्ये पर्सोना ४ अरेनाला प्रकाशकाने मुद्दाम लॉक लावला, अमेरिकेत ऑगस्टमध्ये आलेला गेम युरोपला पुढच्या वर्षीच्या मे महिन्यापर्यंत मिळाला नाही आणि मधल्या काळात मागवूनही उपयोग नाही. युरोपची ही तऱ्हा, आमची काय कथा.

तिसरी, आणि ही माझी स्वतःची. कंपनीचं नाव लिहीत नाही, एकीचं लिहिलं की बाकीच्या हात झटकतात. मुंबईहून एक इम्पोर्टेड डिस्क मागवली, अमेरिकन छपाईची, नवीकोरी, सीलबंद, इथल्या इतर गेमपेक्षा महागच पडली पण इथे ती मिळतच नव्हती. गेम झक्कास चालला. मग त्याचं डीएलसी, म्हणजे डाउनलोड करून घ्यायचा वाढीव भाग, आलं, माझ्या भारतीय अकाउंटवरून पैसे भरले, पैसे तत्काळ कापले गेले, डाउनलोडही झालं, आणि गेम त्याला ओळखच दाखवेना. कारण डिस्क एका रीजनची आणि डीएलसी दुसऱ्या रीजनचं. डिस्कच्या डबीवर हे कुठे लिहिलेलं नाही, स्टोअरमध्ये पैसे भरतानाही कोणी विचारत नाही की बाई तुझी डिस्क कुठली. कस्टमर केअरशी चॅट केलं तर पलीकडून उत्तर, तुमची डिस्क तुमच्या रीजनसाठी नाही, आणि डाउनलोड झालंय म्हणून रिफंड नाही. म्हणजे माल घेताना मी गिऱ्हाईक आणि तक्रार करताना तस्कर! कस्टम ड्युटी भरून आलेली वस्तू आहे ती, चोरबाजारातली नाही. आणि हे एकाच मशीनवर होतं असंही नाही, डिस्क चालते पण डीएलसी चालत नाही ही रडकथा ओळखीतल्या प्रत्येक इम्पोर्टवाल्याकडे आहे, मशीन कुठलंही असो.

चौथी, अकाउंटचा देश. आमच्याकडची पोरं आज पुण्यात, उद्या स्टुटगार्टला, तीन वर्षांनी न्यू जर्सीला आणि आईवडील थकले की परत कोथरूडात. माणूस हलतो, अकाउंट हलत नाही. प्लेस्टेशनच्या अकाउंटला एकदा जो देश टाकला तो कायमचा, बदलायचा तर नवीन अकाउंट काढा, म्हणजे जुने घेतलेले गेम एकीकडे, नवीन कार्ड दुसरीकडे. आणि हे तांत्रिकदृष्ट्या अशक्य आहे असं सांगू नका, कारण निन्टेन्डोच्या अकाउंटवर देश बदलता येतो, एक्सबॉक्सवर तीन महिन्यांतून एकदा बदलता येतो. शेजारच्यांना जमलंय.

पाचवी, दुकान. निन्टेन्डोचं भारतासाठी ईशॉप, म्हणजे ऑनलाइन दुकान, नाही. आम्ही मग अमेरिका किंवा जपान देश टाकून अकाउंट काढतो, इथल्या बँकेचं कार्ड तिथे कधी चालतं कधी नाही, शेवटी कोणाकडून तरी गिफ्ट कार्डचा कोड घ्यायचा, वर त्याचं कमिशन, आणि कोड बाद निघाला तर बसा बोंबलत. २५ मार्च २०२५ पासून जपानच्या ईशॉपने परदेशी कार्ड आणि परदेशात उघडलेलं पेपाल घेणं बंद केलं, फसवणूक रोखायला म्हणून. रोखा ना, पण मग आम्हाला आमचं दार द्या. २०२४ च्या मेमध्ये सोनीवाले हेलडायव्हर्स २ या गेमसाठी पीसीवाल्यांनाही प्लेस्टेशनचं अकाउंट सक्तीचं करायला गेले तेव्हा तो गेम १७७ देश आणि प्रदेशांत विक्रीतून काढावा लागला, कारण तिथे अधिकृतपणे ते अकाउंट काढायची सोयच नाही. लोक चिडले, सक्ती काही दिवसांत मागे घेतली. जगातल्या निम्म्याहून जास्त देशांना तुम्ही यादीतच धरलेलं नाही हे त्या निमित्ताने सगळ्यांना दिसलं तरी.

तुमची कारणं मी वाचलीयेत. निन्टेन्डोचे तेव्हाचे अध्यक्ष सातोरू इवाता २०१३ मध्ये म्हणाले होते की प्रत्येक देशाची संस्कृती वेगळी, कायदे वेगळे, वयाची रेटिंग वेगळी म्हणून लॉक. माणूस गोड होता, मुद्दा पटला नाही. कारण चारच वर्षांनी त्याच कंपनीने स्विच उघडं ठेवलं, कुठलीही संस्कृती बुडाली नाही आणि मशीन १५ कोटींच्या वर खपलं. आणि गेमबॉय, डीएस ही तुमची हातात धरायची मशीनं, त्यांना तरी कुठे होता लॉक? डीएससाठी काढलेले जवळजवळ सगळे गेम कुठल्याही देशाचे कुठल्याही मशीनवर, मग २०११ ला ३डीएस आलं आणि एकदम संस्कृती आठवली.

राहिलं किमतीचं कारण. एका देशात स्वस्त विकायचं तर तो माल दुसरीकडे जायला नको. यावर अप्पा बळवंत चौकात या एकदा. इंजिनिअरिंगची फॉरेन पुस्तकं तिथे स्वस्त आवृत्तीत मिळतात, मुखपृष्ठावर छापलेलं असतं की फक्त भारतीय उपखंडात विक्रीसाठी, कागद पातळ, रंगीत चित्रं काळीपांढरी. पण ते पुस्तक बॅगेत टाकून अमेरिकेला नेलं तर ते तिथे मिटून बसत नाही. असंच प्रकरण अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेलं होतं, थायलंडचा एक विद्यार्थी स्वस्त आवृत्त्या मागवून तिथे विकायचा, २०१३ मध्ये कोर्टाने त्याच्या बाजूने निकाल दिला, रीतसर विकत घेतलेली प्रत पुढे विकायचा हक्क परदेशात छापलेल्या प्रतीलाही आहे म्हणून. प्रकाशकांना तो निकाल आवडला नाही पण पुस्तकं छापायची कोणी थांबलेलं नाही.

आणि एक गोष्ट मला खरंच कळत नाही. ३डीएस आणि वी यू या निन्टेन्डोच्या जुन्या मशीनचं ईशॉप तुम्ही २७ मार्च २०२३ ला बंद केलं, नवीन गेम विकायचं त्यावर काही उरलं नाही, मग त्या मशीनमधला रीजन लॉक आता कोणाचा धंदा राखतोय? जपानी ३डीएसच्या जुन्या कॅसेट आजही मिळतात, त्यातल्या कितीतरी गेमची इंग्रजी आवृत्ती कधी आलीच नाही, इथली जपानी शिकणारी पोरं त्या वाचायला आतुर आहेत, आणि इथे असलेली अमेरिकन मशीनं त्या कॅसेट तोंडातही घेत नाहीत. शेवटचा एक अपडेट पाठवून कुलूप काढायला तुमचा एक इंजिनिअर पुरे. तो तुम्ही दिला नाहीत म्हणून लोक आता स्वतःच मशीन हॅक करतात, आणि मग तुम्ही पुन्हा पायरसीच्या नावाने ओरडायला मोकळे.

मागण्या सांगते, सगळ्या करण्यासारख्या आहेत.

ज्या देशात तुमचं अधिकृत दुकान नाही तिथे विकत घेतलेल्या किंवा तिथे आणलेल्या मशीनला भाषेचा, देशाचा कुठलाच लॉक नको. जपानसाठी स्वस्त मॉडेल काढायचंच असेल तर काढा, पण ठराविक वर्षांनी ते उघडेल हे खोक्यावरच लिहा, मॉडेल बंद झाल्यावर तर नक्कीच.

डिस्कच्या आणि कॅसेटच्या डबीवर, दिसेल अशा अक्षरात, कुठल्या देशाच्या अकाउंटचं डीएलसी चालेल ते छापा. आणि स्टोअरमध्ये पैसे घेण्याआधी मशीनने तपासावं की गेम कुठल्या रीजनचा आहे, मशीनला ते माहीत असतंच. जुळत नसेल तर पैसे घेऊ नका, घेतले असतील तर परत करा. यात दया मागत नाहीये, न चाललेल्या मालाचे पैसे मागतेय.

अकाउंटचा देश बदलता आला पाहिजे, घेतलेल्या सगळ्या गेमसकट. व्हिसा बघा, वीजबिल बघा, काय बघायचं ते बघा.

इम्पोर्टेड मशीनची फुकट दुरुस्ती करा असं म्हणत नाही, पण पैसे घेऊन तरी करा, सीरियल नंबर बघून हाकलून देऊ नका.

ज्या मशीनचं स्टोअर बंद केलंय त्याचा रीजन लॉक काढून टाका. सुरुवात ३डीएस आणि वी यूपासून करा.

आणि भारतात ज्यांचं स्टोअर नाही त्यांनी ते उघडा, रुपयात, यूपीआय घेणारं. चहावाला घेतो, तुम्हालाही जमेल.

उत्तर जपानीत दिलं तरी चालेल, भाषांतर मी करून घेईन आणि सगळ्यांना वाचायला लावीन. फक्त "आपल्या रीजनमध्ये ही सेवा उपलब्ध नाही" असं छापील उत्तर पाठवू नका, ते माझ्याकडे आहे.

कळावे,
जपानी वाचू शकणारी, जपानमध्ये न राहणारी एक गिऱ्हाईक
पुणे